भोक पाडलेल्या फ्लॉप्या

नांदेडमध्ये आमचा संगणकीय भरतकामाचा लहानसा कारखाना आहे. गुरुद्वारा परिसरातील दुकानांसाठी रुमाला साहिब (गुरु ग्रंथ साहिबवर घालायचे वस्त्र) आणि लग्नसराईत ब्लाउजपीस, एवढाच आमचा व्याप. यंत्र जपानी असले तरी जुने घेतलेले आहे आणि त्यावर नक्षी चढवायची तर साडेतीन इंची फ्लॉपीच, म्हणजे प्लास्टिकच्या कवचातली जुनी चुंबकीय चकतीच, लागते. नक्षीची फाइल जेमतेम चाळीस-पन्नास केबीची असल्याने फ्लॉपीचे 1.44 एमबी आम्हाला कधी अपुरे पडले नाहीत. अडचण असते ती फ्लॉपी मिळण्याची. सोनीने जपानमधील विक्री 2011 मध्येच बंद केली, त्यामुळे आज 'नवी' म्हणून जी मिळते ती बहुधा कुठल्यातरी गोदामात वर्षानुवर्षे पडून राहिलेली असते. आमच्या या गरजेचाच फायदा घेतला गेला.

गेल्या दसऱ्यापूर्वी एका बाहेरगावच्या विक्रेत्याने 50 सीलबंद फ्लॉप्या 4,500 रुपयांना देऊ केल्या. "शेठ, एकेक तपासून पाठवतो," असे त्याने सांगितले, आणि बिल पार्सलमध्येच येईल या शब्दावर मी फोनवरून पूर्ण रक्कम भरली. बिल आलेच नाही. माल मात्र चकचकीत प्लास्टिकमध्ये आला आणि सुरुवातीचे काही दिवस व्यवस्थित चालला, म्हणून मीही बिलाचा विषय सोडून दिला.

ऐन घाईत एके सकाळी कारागिराने हाक मारली, "मालक, हे वाचंना झालंय." मखमलीवर काठाची वेल उठली होती, पण कोपऱ्याची नक्षी काही केल्या चढेना. दोष फ्लॉपी वाचणाऱ्या ड्राइव्हचा समजून मेकॅनिककडून हेड साफ करून घेतले आणि त्याचे पैसे वेगळे गेले. शेवटी खिडकीपाशी फ्लॉपी उजेडात धरली, तेव्हा एका कोपऱ्यातील भोक वाकडे आणि त्याच्या कडेला प्लास्टिकचे तुसे दिसले.

फ्लॉपीच्या एका कोपऱ्यात लेखन-बंदीची सरकती खिटी असते, तर 1.44 एमबीच्या फ्लॉपीला तिच्या समोरच्या कोपऱ्यात कारखान्यातूनच आणखी एक चौकोनी भोक येते आणि त्यावरूनच ड्राइव्ह क्षमता ओळखतो. 720 केबीच्या जुन्या फ्लॉपीला ते नसते. तिथे ड्रिलने भोक पाडले की ड्राइव्ह फसतो, फॉरमॅटही होऊन जाते. पण चकतीवरचा चुंबकीय थर तेवढ्या दाट लेखनासाठी बनवलेलाच नसल्यामुळे पुढे मजकूर वाचता येईनासा होतो. मी भोकावर चिकटपट्टी लावून जुन्या संगणकावर तीच फ्लॉपी 720 केबीला फॉरमॅट केली, तर ती विनातक्रार चालली.

विक्रेत्याने प्रथम आमच्या यंत्रालाच दोष दिला आणि नंतर फोन घेणे बंद केले. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, परंतु माझ्याकडे एका खासगी खात्यात पैसे गेल्याच्या संदेशापलीकडे कागद नव्हता. ज्यांना आजही फ्लॉपी घ्यावीच लागते त्यांनी बिल हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये, भोकाची कड बोटाने चाचपावी आणि प्रत्येक फ्लॉपी पूर्ण भरून, काही आठवड्यांनी पुन्हा वाचून पाहावी. वरच्या दोन-चार तपासून समाधान मानू नये, कारण आमच्या पेटीतील 50 पैकी नऊ फ्लॉप्या अस्सल निघाल्या, आणि त्या नऊही नेमक्या सगळ्यात वर रचलेल्या होत्या.