टायमिंग चेनचं सिम्युलेशन: सात महिन्यांच्या वापरानंतर

चार सिलिंडरचं इंजिन, 8 मिमी पिचची (लगतच्या दोन पिनांमधलं अंतर) 120 कड्यांची टायमिंग चेन, म्हणजे क्रँकशाफ्टवरून झडपा उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी. तिची हालचाल संगणकावर पाहण्यासाठी हे सॉफ्टवेअर सात महिने जवळजवळ रोज चालवतोय. मॉडेल उभं करणं सोपं आहे. स्प्रॉकेटच्या (दातेरी चाकाच्या) दात्यांचा आणि गाइडचा, म्हणजे चेन जिच्यावरून घसरते त्या पट्टीचा, आकार दिला की चेन आपोआप बसते. माझं पहिलं मॉडेल दोन दिवसांत फिरायला लागलं.

प्रत्येक कडी इथे स्वतंत्र वस्तू असते, शेजारच्या कडीला स्प्रिंग-डँपरने (स्प्रिंग आणि धक्का शोषणारा भाग) जोडलेली. त्याचा फायदा लगेच कळतो. स्प्रॉकेटवर चेन वर्तुळात फिरत नाही, बहुभुजात फिरते. क्रँकच्या 18 दात्यांच्या स्प्रॉकेटवर तिचा वेग दर दात्याला सुमारे दीड टक्का वरखाली होतो, म्हणजे 6000 आरपीएमला सेकंदाला 1800 वेळा. ही वारंवारता कागदावरही निघते. पण त्यापायी गाइडवर किती बल येतं, ते कागदावर निघत नाही. इथे ते कडीकडीने दिसतं.

खरी परीक्षा टेन्शनरने, म्हणजे तेलाच्या दाबाने चेन ताणून धरणाऱ्या भागाने घेतली. तिसऱ्या महिन्यात खऱ्या इंजिनावरच्या चाचणीचे आकडे आले. गरम तेलात प्लंजर (टेन्शनरमधला सरकणारा दट्ट्या) मॉडेलच्या जवळजवळ दुप्पट हलत होता. मी तीन आठवडे चेनचा कडकपणा आणि घर्षण बदलत बसलो, आणि ते चुकीचं होतं. प्लंजरभोवतीची फट मी ड्रॉइंगवरून 40 मायक्रॉन घेतली होती. सुटा भाग मोजला तर ती 50 निघाली. तेलाची गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे एवढ्यानेच ती जवळपास दुप्पट होते. शिवाय तेलातली हवा मुळात शून्य धरलेली होती. हवा मिसळलेलं तेल दाबलं जातं आणि टेन्शनर मऊ पडतो. हे दोन्ही आकडे सेटिंगच्या तिसऱ्या पानावर दडलेले आहेत, हे मला खटकतं. ते दुरुस्त केल्यावर 4500 आरपीएमपर्यंत मॉडेलचा आणि चाचणीचा आलेख एकमेकांवर बसले.

त्यापुढे फरक उरला तो माझ्यामुळे. क्रँक मी एकसारख्या वेगाने फिरवत होतो. क्रँकच्या वेगाचा मोजलेला चढउतार दिल्यावर चेनमधल्या बलाचं शिखर योग्य जागी आलं.

वेळ मात्र लागतो. दात्यांचा संपर्क इतका कडक असतो की सोल्व्हरला (गणित सोडवणाऱ्या भागाला) मायक्रोसेकंदांच्या पावलांनी जावं लागतं. कमी ते जास्त आरपीएमचा एक पूर्ण वेगपट्टा चालवायला रात्र जाते, आणि मधेच थांबलं तर पहिल्यापासून सुरुवात.

कड्या जोडणाऱ्या पिन आणि त्यांच्याभोवतीच्या बुशची (नळीची) झीज हे सॉफ्टवेअर सांगत नाही. मी हाताने पिच वाढवतो. अर्धा टक्का वाढ म्हणजे 960 मिमीच्या चेनमध्ये 4.8 मिमी. ताणलेली बाजू लांबली की कॅमशाफ्ट मागे पडतो, आणि उरलेली सैल चेन टेन्शनरला धरून ठेवावी लागते. ती तपासणी यावर नीट होते.

नवीन घेणाऱ्याने टेन्शनर सुटा मोजून घ्यावा आणि मगच चेन जोडावी. माझे तीन आठवडे त्यानेच वाचले असते.