मेमटेस्ट८६+ : लाल ओळ खरी, हिरवी पाटी अर्धीच खरी

असेंबल केलेला पीसी कधी गेममध्ये, कधी टॅलीत एंट्री टाकताना, तर कधी नुसता चालू ठेवलेला असताना रीस्टार्ट होतो. दुकानात नेला की पहिला सल्ला ठरलेला, विंडोज मारून बघा. मारली, चार दिवस बरं चाललं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. अशा मशीनवर विंडोजला हात लावण्याआधी जे चालवायला हवं ते म्हणजे रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+. ते फुकट आहे, पेनड्राइव्हवर मावतं आणि त्याला इन्स्टॉलही करावं लागत नाही. मात्र मे महिन्यात परभणी-नांदेडच्या पत्र्याच्या खोलीत त्याचा निकाल कसा वाचायचा, हे कळलं नाही तर ते फसवतंही.

आधी नावाचा घोळ. एकाच मुळापासून निघालेले दोन प्रोग्राम आहेत. ख्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये मूळ मेमटेस्ट८६ लिहिला. त्यावरून सॅम्युएल देमेलमेस्टेर यांनी २००४ मध्ये मेमटेस्ट८६+ वेगळा काढला. २०१३ च्या ५.०१ नंतर तो बरीच वर्षं तिथेच थांबला. मार्टिन व्हिटेकर यांच्या नव्या कोडवर बांधलेली ६.०० आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, तेव्हा कुठे यूईएफआय (नव्या बोर्डांची बूट होण्याची पद्धत) आणि डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) यांची सोय झाली. दुसरा, अधिक चिन्ह नसलेला मेमटेस्ट८६, पासमार्क कंपनीकडे आहे. त्याची फुकट आवृत्ती चार फेऱ्यांनंतर थांबते, पण सिक्योर बूट (सही नसलेला प्रोग्राम बूट होऊ न देणारी सोय) चालू असतानाही ती चालते आणि निकालाची फाइल साठवते. अधिकवाल्यासाठी सिक्योर बूट बहुधा बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन बंद करावं लागतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर टेस्ट राहील बाजूला आणि डेटासाठी पळापळ होईल. जुन्या सीडीवरची ५.०१ आवृत्ती नव्या बोर्डावर वापरू नका, ती यूईएफआयवर बूटच होत नाही.

फाइल मेमटेस्ट डॉट ऑर्गवरूनच घ्या. आयएसओ फाइल रुफस या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर उतरवता येते, किंवा व्हेंटॉय हा बूट-प्रोग्राम टाकलेल्या पेनड्राइव्हवर नुसती टाकली तरी चालते. बूट झालं की टेस्ट आपोआप सुरू होते. एफ१ दाबला की सेटिंग, एस्केप दाबला की बाहेर.

पहिल्या फेरीवर समाधान मानू नका. ती मुद्दाम छोटी ठेवलेली असते, तिच्यात प्रत्येक टेस्टची आवर्तनं जवळपास एक तृतीयांश असतात. ती संपून एरर नसेल तर पडद्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत पास अशी पाटी येते आणि बहुतेक लोक तिथेच पेनड्राइव्ह काढतात. किमान चार फेऱ्या हव्यात. १६ जीबीच्या मशीनला एका फेरीला तासभर लागेल असं धरून चाला, बोर्ड आणि प्रोसेसरप्रमाणे ते कमी-जास्त होतं. ३२ जीबी असेल तर रात्रभर लावून ठेवा.

एरर आली की या प्रोग्रामचं खरं मोल कळतं. लाल ओळीत पत्ता, काय लिहिलं होतं आणि परत काय वाचलं हे दिसतं. प्रत्येक फेरीत त्याच पत्त्याच्या आसपास, तोच एक बिट उलटा येत असेल तर रॅमची चिप गेली, विषय संपला. पत्ते दर वेळी वेगळे असतील आणि एरर ब्लॉक मूव्हच्या (डेटाचे गठ्ठे हलवणाऱ्या) टेस्टमध्ये जास्त येत असतील, तर चिपपेक्षा वेगावर संशय घ्या. एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम जास्तीच्या वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) बंद करून पुन्हा चार फेऱ्या लावा. डीडीआर४ चं साधं व्होल्टेज १.२ असतं आणि एक्सएमपी लावल्यावर बहुधा १.३५ होतं. साध्यावर पास आणि एक्सएमपीवर फेल, याचा अर्थ रॅम खराब असा नाही. बोर्ड, प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि ती रॅम यांचं त्या वेगाला जमत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक पायरी खाली या, ३६०० ऐवजी ३२०० ठेवा. रोजच्या कामात फरक जाणवणार नाही.

रॅमच्या दोन स्टिक (पट्ट्या) असतील तर एकेक करून तपासा, पण दोन्ही त्याच एका स्लॉटमध्ये लावून. प्रोसेसरपासून मोजून दुसरा स्लॉट घ्या. दोन्ही स्टिक तिथे फेल आणि वेगळ्या स्लॉटमध्ये पास, तर गुन्हेगार स्लॉट किंवा सॉकेट. कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले तरी रॅमचं एक चॅनल (प्रोसेसरकडे जाणारी वाट) रुसतं. सगळे स्क्रू सैल करून आडवे-तिरपे, थोडे थोडे आवळत नेले की हे पुष्कळदा सुटतं. दोन्ही स्टिक कायमच्या लावायच्या असतील तर दुसरा आणि चौथा स्लॉट. चार स्टिक लावून वेग मागणाऱ्यांनी एक आकडा ध्यानात ठेवावा : एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरमध्ये दोन डीडीआर५ स्टिकना अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. चार स्टिकवर ६००० चालवणं म्हणजे रोज नशीब आजमावणं.

आता खोडरबर. आपल्याकडे रॅमचे सोनेरी दात खोडरबराने घासणं हा जणू संस्कारच आहे. फायदा होतो, नाही असं नाही, पण तो बहुधा स्टिक काढून परत बसवण्याचा असतो. घासलंच तर रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड केव्हाही बरं. स्लॉटमधला फुफाटा ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

लाल ओळीचं एवढं पुरे. ती बहुतेक वेळा खरी असते. गडबड हिरव्या पाटीत आहे.

रॅमचा प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला चार्ज. तो गळत राहतो, म्हणून डीडीआर४ मध्ये दर ६४ मिलिसेकंदांत सगळ्या ओळी पुन्हा भरल्या जातात. तापमान वाढलं की गळती वाढते. चिप ८५ अंशांच्या वर गेली तर हेच काम दुप्पट वेगाने करावं, असं मानकातच सांगितलेलं आहे. म्हणून काठावरची रॅम रात्री २८ अंशांच्या खोलीत पास होते आणि दुपारी, बाहेर ४३ अंश आणि वर तापलेला पत्रा असताना, घसरते. त्यात मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड निवांत असतं. गेममध्ये तेच कार्ड गरम हवा थेट रॅमवर सोडतं. म्हणजे टेस्ट होते थंड कॅबिनेटमध्ये आणि मशीन पडतं भट्टीत.

उपाय सोपा आहे. टेस्ट दुपारी बारा ते पाचच्या दरम्यान लावा, कॅबिनेटचा बाजूचा पत्रा बंद ठेवून. दुकानदार नेमकं उलटं करतो : पत्रा उघडा, मशीन एसीत, टेस्ट पास, पाचशे रुपये. दुपारच्या टेस्टमध्ये एरर आली आणि रात्री आली नाही, तर नवी रॅम घेण्याआधी वेग एक पायरी खाली आणा आणि मागच्या बाजूला बाहेर हवा फेकणारा पंखा लावा. बायोसमध्ये वेगासाठी रिफ्रेशचं अंतर वाढवून ठेवलं असेल तर ते ऑटोवर आणा. उन्हाळ्यात सगळ्यात आधी तीच सेटिंग दगा देते.

पाण्याच्या कूलरबद्दल एक बाजूची गोष्ट. कूलरसमोर पीसी ठेवला की तापमान खरंच उतरतं, पण ओलसर हवा आणि धूळ मिळून हीटसिंकच्या फटींत चिखलासारखा थर बसतो, तो ब्लोअरने निघत नाही. शिवाय कूलरची मोटर आणि पीसी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असले तर मोटर सुरू होताना बसणारा झटका पीसीला जाणवतो. मशीन एका भिंतीला, कूलर दुसऱ्या सॉकेटवर.

याच्या पुढचं मेमटेस्टला मुळी दिसतच नाही, आणि मराठवाड्यातल्या मशीनमध्ये अर्धं दुखणं तिथेच असू शकतं. वीज. टेस्ट चालू असताना एसएमपीएसवर (पीसीच्या पॉवर सप्लायवर) निम्माही भार नसतो. त्यामुळे तासन्‌तास पास होणारं मशीन गेम उघडताच पडतं. हे ओळखायला विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद उघडा. ही नोंद म्हणजे कारण नव्हे, मशीन नीट बंद झालं नाही एवढंच ती सांगते. तिच्या तपशिलात बगचेककोड बघा. तिथे ० असेल तर विंडोजला मरताना बोलायलाही वेळ मिळाला नाही : वीज, एसएमपीएस किंवा पूर्ण गोठणं. २६ असेल तर मेमरी, मग मेमटेस्टकडे परत या. २९२ असेल तर हार्डवेअरने स्वतः तक्रार केली आहे, त्याच वेळेची डब्ल्यूएचईए-लॉगर १८ ची नोंद शोधा. तिथे कॅश हायरार्की एरर दिसली आणि प्रोसेसरचं व्होल्टेज कर्व्ह ऑप्टिमायझर या बायोसमधल्या सेटिंगने खाली ओढलेलं असेल, तर ते आधी शून्यावर आणा. नुसतं उभं असताना पडणारं रायझन पुष्कळदा इथेच सापडतं. २७८ असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा कार्ड.

० आलेल्यांनी मल्टिमीटर काढावा, किंवा सवय नसेल तर वायरमनला बोलवावं. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थ शंभर-दीडशेवर डगमगत असेल तर अर्थिंग नावालाच आहे. त्याची खूण मीटरशिवायही मिळते : अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर जवळपास निम्मं व्होल्टेज पत्र्यावर आणून ठेवतात, ते अर्थमधून जायला वाटच नसते. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि पावसाळ्यात ठीक चाललेलं मशीन एप्रिलपासून कुरकुरायला लागतं. खड्ड्यात पाणी सोडा, तरीही फरक पडला नाही तर मीठ-कोळसा बदलून घ्या. हा खर्च नव्या बोर्डापेक्षा कितीतरी कमी असतो.

घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघा. यूपीएस मोडमध्ये तो साधारण दहा मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो. साध्या मोडमध्ये याहून बराच वेळ घेतो आणि एसएमपीएस तेवढा दम धरत नाही. चांगल्या एसएमपीएसची भारावरची सहनशक्ती सोळा-सतरा मिलिसेकंदांची असते. लाइट गेली की घरातले दिवे टिकतात आणि पीसीच पडतो, त्याचं कारण हे. ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसमध्ये खरे वॅट ३६० च्या आसपास असतात. मोठ्या ग्राफिक्स कार्डासह गेम चालू असताना तो लाइट जाताच हात वर करतो. ग्राफिक्स कार्डाला दोन आठ-पिनचे सॉकेट असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल आणा, एकाच केबलची दोन टोकं लावू नका. १२ व्होल्टची लाइन भारावर ११.४ च्या खाली जाऊ नये. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये हा आकडा दिसतो, पण बोर्डाचे सेन्सर चुकतात, त्यामुळे संशय आला तर मल्टिमीटरनेच खात्री करा.

मेमटेस्टला न दिसणारी आणखी एक गोष्ट, इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या ६५ वॅट आणि त्यावरच्या डेस्कटॉप प्रोसेसरवाल्यांसाठी. रॅम पास, वीज ठीक, आणि गेम मात्र व्हिडिओ मेमरी संपली म्हणून बंद पडतो. प्रोसेसरला जास्त व्होल्टेज मिळत गेल्याने तो झिजण्याची अडचण या पिढ्यांत होती. ऑगस्ट २०२४ पासून इंटेलने दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम, तो नव्या बायोसमधून येतो) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा बायोस टाका, पण यूपीएसवर असतानाच, कारण मध्येच लाइट गेली तर बोर्ड जाईल. झिजलेला प्रोसेसर बायोसने बरा होत नाही, तो वॉरंटीतच द्यावा लागतो.

विंडोजमधलं स्वतःचं मेमरी डायग्नॉस्टिक सोयीचं आहे, पण फार उदार आहे, त्याने पास केलेल्या स्टिक मेमटेस्ट८६+ मध्ये फेल होताना दिसतात. वेगाच्या काठावरची रॅम पकडायला विंडोजमध्ये चालणारा टेस्टमेम५ अधिक कडक, पण त्याच्या एररमधून नेमका पत्ता कळत नाही आणि रॅम फारच खराब असेल तर आपल्या फाइल्स बिघडण्याची जोखीम राहते. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+, मग टेस्टमेम५, आणि भारासाठी ओसीसीटी या प्रोग्रामची पॉवर टेस्ट, तीही दुपारीच.

लाल ओळ दिसली की पडद्याचा फोटो काढा, स्टिकवरचा नंबर दिसेल असा दुसरा काढा. रॅमच्या वॉरंटीचं काम तालुक्याच्या गावी बहुधा कुरियरनेच होतं आणि फोटो नसेल तर स्टिक तपासून ठीक आहे म्हणून तीच परत येऊ शकते. जोडीने घेतलेल्या स्टिक दोन्ही पाठवाव्या लागतात, तेवढे दिवस चालवायला एक जुनी ८ जीबीची स्टिक हाताशी ठेवा.