टाकी फुटलीच नव्हती

आमच्या घरातला ५० लिटरचा गीझर आठ वर्षे निमूटपणे चालला आणि नवव्या वर्षी कुरकुरू लागला. आंघोळीला दुसऱ्या क्रमांकावर जाणाऱ्याला कोमट पाणी मिळू लागले आणि पाणी तापत असताना टाकीतून तडतड असा आवाज येऊ लागला. गीझर बदलायची वेळ आली की काय, अशी शंका माझ्याच मनात होती. पुढे जे घडले त्यात या शंकेचा वाटा मोठा आहे, कारण बदलायच्या तयारीत असलेल्या माणसाला फसवायला फार कष्ट पडत नाहीत.

दुरुस्तीला आलेला माणूस बोलायला अदबीचा होता. त्याने गीझर चालू करायला सांगितला, अर्ध्या तासाने सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाखाली हात धरला आणि तळहातावर पडलेले थेंब मला दाखवले. मग खालच्या बाजूने थोडे पाणी सोडले, ते तांबूस निघाले. “साहेब, आतली टाकी गेली. आज थेंब आहेत, उद्या धार लागेल, आणि पाणी कॉइलच्या वायरवर गेले तर नळातून शॉक बसेल,” असे तो म्हणाला. हे मॉडेल बंद झाले असून सुटे भाग मिळत नाहीत, हेही त्याने जोडले. शॉक हा शब्द ऐकल्यावर घरात कोणी पुढचे प्रश्न विचारले नाहीत. संध्याकाळपर्यंत त्याने “तेवढ्याच मापाचा, नवा, निम्मी वीज वाचवणारा” गीझर आणून बसवला, कच्ची पावती दिली, वॉरंटी कार्ड कंपनीकडून येईल असे सांगितले आणि जुना गीझर भंगारात टाकण्याचे कष्ट आम्हाला नकोत म्हणून स्वतःच उचलून नेला. या शेवटच्या उपकाराबद्दल मी त्याचे आभारही मानले.

त्याने दाखवलेल्या दोन्ही पुराव्यांत काय खोट होती, हे मला बऱ्याच उशिरा कळले. पाणी तापले की फुगते. २० अंशांवरून ६० अंशांवर जाताना त्याचे आकारमान साधारण दीड टक्क्याने वाढते, म्हणजे ५० लिटरच्या टाकीत पाऊण लिटर पाण्याला जागा उरत नाही. थंड पाण्याच्या वाटेवर एकमार्गी व्हॉल्व्ह असेल तर हे पाणी मागे जाऊ शकत नाही आणि ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने बाहेर पडते. तो व्हॉल्व्ह त्याचसाठी असतो. टाकी खरोखर फुटली असेल तर पाणी व्हॉल्व्हच्या तोंडातून न येता टाकीच्या अंगातून झिरपते, बाहेरच्या आवरणाच्या खालच्या कडेला जमते, आणि वीज बंद करून टाकी पूर्ण थंड झाल्यावरही थांबत नाही. रात्री वीज बंद करून, सगळे कोरडे पुसून, खाली एक जुना कागद अंथरला असता तर सकाळी उत्तर मिळाले असते. तांबूस पाण्याचे तर काय सांगावे! कित्येक वर्षे ज्या टाकीचा तळ धुतलेला नाही, तिच्या तळाशी गाळ असणारच, आणि लोखंडी नळांचा गंजही तिथेच येऊन बसतो. एवढ्यावरून टाकी गेली असा निष्कर्ष निघत नाही.

त्या माणसाने हत्यारांच्या पिशवीतून मीटर बाहेर काढलाच नव्हता, हेही मला नंतर आठवले. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २ किलोवॅटच्या कॉइलचा रोध सुमारे २६ ओहम भरतो, आणि तो तपासायला दोन मिनिटे पुरतात. दोष शोधायला आलेला माणूस काहीच मोजत नसेल, तर तो दोष शोधायला आलेलाच नसतो.

नव्या गीझरचे पहिले चार दिवस कौतुकात गेले. थेंब बंद झाले होते, आवाज बंद झाला होता. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आले की दुसऱ्याच्या आंघोळीला पाणी पूर्वीपेक्षाही लवकर संपते. मी आधी थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या भागावर, संशय घेतला, पण नळाचे पाणी तापमापकावर ६० अंश दाखवत होते. मग घड्याळ लावले. ५० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला सुमारे २.३ युनिट वीज लागते, म्हणजे २ किलोवॅटच्या कॉइलला १ तास १० मिनिटे. आमच्या गीझरचा दिवा ४८ मिनिटांनीच विझत होता. हे गणित ३५ लिटरला बरोबर जुळते, आणि तसे ते जुळल्यावर मला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी वीज बंद करून, पाणी थंड होऊ देऊन, थंड पाण्याची चावी मिटून आणि हवा आत यावी म्हणून गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून मी टाकी खालून रिकामी केली. २० लिटरची बादली एकदा पूर्ण भरली, दुसऱ्यांदा पाऊण भरली, आणि धार संपली. (असे कोणी केल्यास टाकी पुन्हा काठोकाठ भरल्याशिवाय वीज सुरू करू नये, कोरडी कॉइल लगेच जळते.)

माझा मेहुणा एका कारखान्यात बॉयलरच्या देखभालीचे काम करतो. त्याला बोलावले. त्याने आधी आवरणावरच्या चकचकीत स्टिकरची कड नखाने उचलली. खाली मूळ पट्टी होती, तिच्यावर ३५ लिटर असे छापलेले होते आणि उत्पादनाचे वर्ष सहा वर्षे जुने होते. मग त्याने कॉइलची चकती उघडली आणि ॲनोड रॉड बाहेर काढून माझ्या हातात दिला. पोलादी टाकीत मॅग्नेशियमचा हा दांडा मुद्दाम बसवतात, कारण मॅग्नेशियम आधी झिजते आणि तोवर पोलाद वाचते. नव्या गीझरमध्ये तो भरीव, चांगला बोटभर जाड असतो. माझ्या हातात होती ती एक बारीक तार आणि तिला चिकटलेले दोन-तीन पांढरट तुकडे. कॉइलवर क्षारांचा जाड थर होता. आवरण तेवढे नव्याने रंगवलेले होते.

“भावोजी, गीझर जुना आहे हे जाऊ द्या. आधी हे बघा,” असे म्हणून त्याने सेफ्टी व्हॉल्व्हकडे बोट दाखवले. थेंब का बंद झाले होते ते तेव्हा समजले. व्हॉल्व्हच्या तोंडाला आटे असलेली टोपी घट्ट बसवलेली होती. थर्मोस्टॅट अडकला आणि दुसरे संरक्षणही चालले नाही, तर कोंडलेले पाणी दाबाखाली १०० अंशांच्या पुढे तापत राहते. अशा वेळी टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची एका क्षणात वाफ होते, आणि १ लिटर पाण्याची वाफ साधारण १,६०० लिटर जागा मागते. ज्याने मला शॉकची भीती घालून गीझर विकला, त्याने माझ्या न्हाणीघरात त्याहून कितीतरी भयंकर गोष्ट भिंतीला टांगून ठेवली होती, आणि तीही केवळ थेंब पाहून मी प्रश्न विचारू नयेत म्हणून. पैशांचा राग केव्हाच निवळला आहे. त्या टोपीचा अजून निवळलेला नाही.

पुढचा भाग थोडक्यात सांगण्यासारखाच आहे. त्या माणसाने पहिल्या फोनला “उद्या येतो” म्हटले, तिसऱ्या फोनला जबाबदारी कंपनीवर ढकलली आणि नंतर फोन घेणे बंद केले. कंपनीला मूळ पट्टीवरचा अनुक्रमांक कळवला, तेव्हा तो गीझर काही वर्षांपूर्वीच दुसऱ्या कोणाला विकला गेल्याची नोंद निघाली. माझ्याकडे पावती होती, पण तिच्यावर मॉडेल नव्हते, अनुक्रमांक नव्हता, लिटरचा आकडाही नव्हता. फक्त “गीझर १ नग” आणि रक्कम. अशा कागदावर तक्रार लिहायला बसल्यावर कळते की आपल्याजवळ लिहिण्यासारखे काहीच नाही. आमच्या जुन्या गीझरला बहुधा कॉइल आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर बसलेल्या क्षारांनी घेरले होते, त्यामुळे थर्मोस्टॅट वेळेआधीच वीज तोडत होता आणि पाणी कोमट राहत होते, असा मेहुण्याचा अंदाज आहे. तपासायला तो गीझर आता नाही. त्यालाही एव्हाना नवा रंग आणि नवे स्टिकर मिळाले असेल, आणि तो कुणाच्या तरी घरी नवा म्हणून लागला असेल.

वीजबचतीच्या दाव्याला मी भुललो, याची मात्र मला आजही लाज वाटते. कॉइलवर चालणारा कोणताही गीझर घेतलेली जवळजवळ सगळी वीज पाण्यालाच देतो. चांगल्या आणि वाईट गीझरमध्ये फरक पडतो तो तापलेले पाणी उभे असताना निवण्यात, म्हणजे आवरणाच्या आतल्या उष्णतारोधक थराच्या जाडीत. तेवढ्याने बिल निम्मे होत नाही. असा दावा हवेतून उष्णता ओढणाऱ्या हीट पंपाच्या बाबतीतच खरा ठरू शकतो. त्या माणसाने ‘इन्स्टंट’ गीझरही सुचवला होता, आणि तो मी घेतला असता तर वेगळीच गंमत झाली असती: ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर पाणी ३० अंशांनी तापवायचे असेल तर मिनिटाला जेमतेम १.४ लिटर देतो. हात धुवायला तो पुरतो, शॉवरला नाही.

तिसरा गीझर आम्ही तीन आठवडे थांबून घेतला. दोष तपासायला एक माणूस, विकायला दुसरा. खोके आमच्यासमोर उघडले, आवरणावरचा अनुक्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला, तो कंपनीला फोन करून कळवला, आणि ॲनोड रॉड बसवण्याआधी काढून दाखवायला लावला. दुकानदाराला हे सगळे जरा अतिच वाटले असावे. त्याने तसे बोलून दाखवले नाही. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला आता एक पारदर्शक नळी जोडली आहे. तिचे दुसरे टोक एका तांब्यात सोडलेले असते, आणि गार टाकी पूर्ण तापेपर्यंत त्यात अर्ध्या-पाऊण लिटरच्या आसपास पाणी साठते.