नववी-दहावीच्या मुलांसाठी १०×५० ची द्विनेत्री : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

साताऱ्याजवळच्या आमच्या माध्यमिक शाळेत निसर्ग मंडळासाठी गेल्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आम्ही १०×५० मापाची एक द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहायची दुर्बीण, विकत घेतली. शिक्षकांनी वर्गणी काढली, थोडी भर शाळेने घातली आणि सहा हजारांच्या आतबाहेर व्यवहार झाला. मुलांची मूळ मागणी मात्र शनीची कडी दाखवणाऱ्या खगोलीय दुर्बिणीची होती. त्या किमतीत मिळणाऱ्या दुर्बिणींचे तिपाई स्टँड हात लागताच थरथरतात आणि ग्रह दिसायच्या आधीच निसटतो, हे मी पूर्वी एकदा अनुभवले होते. शिवाय माझा हिशेब वेगळा होता. आठवीत तिकिटे जमवणारा मुलगा नववीत बुद्धिबळाकडे वळतो आणि दहावीच्या ऐन तोंडावर गिटार मागतो, हे पंधरा-वीस वर्षे पाहत आल्यामुळे छंद बदलला तरी माळ्यावर जाणार नाही अशीच वस्तू घ्यावी, असे माझे मत होते.

कंपनीचे नाव येथे देत नाही. याच मापाच्या आणि पोरो प्रिझमच्या (आत प्रकाश वळवून प्रतिमा सरळ करणाऱ्या काचेच्या लोलकांच्या) जुन्या, रुंद खांद्यांच्या रचनेच्या द्विनेत्री अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांचे बहुतेक गुणदोष मापातून व रचनेतूनच येतात.

मापाचा अर्थ आधी सांगतो, कारण दुकानात तो क्वचितच सांगितला जातो. पहिला आकडा दृश्य किती पट मोठे दिसेल ते सांगतो, तर दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. पन्नासला दहाने भागले की पाच येतात; डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ती जाडी होय. अंधारात शाळकरी मुलांच्या डोळ्यांची बाहुली साधारण सात मिलिमीटरपर्यंत उघडते, त्यामुळे हा पाच मिलिमीटरचा झोत पुरता आत जातो आणि साध्या डोळ्यांना न दिसणारे फिकट तारे उजळून दिसतात. भर दुपारी बाहुली दोन-तीन मिलिमीटरवर आलेली असते, तेव्हा त्यातला बराच प्रकाश वाया जातो आणि मोठ्या भिंगांचे ओझे मात्र मानेवर राहते.

आकाशासाठी या वस्तूला मी निःसंकोच पूर्ण गुण देईन. पौर्णिमेचा चंद्र पाहून मुले थोडी हिरमुसली होती, कारण समोरून पडणाऱ्या उजेडात विवरांच्या सावल्याच उरत नाहीत; त्याच मुलांनी अष्टमीच्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांच्या सीमेवरची विवरे पाहिली, तेव्हा द्विनेत्री परत मिळवायला मला हाका माराव्या लागल्या. साध्या डोळ्यांना सहा-सातच तारे दाखवणाऱ्या कृत्तिका आमच्या द्विनेत्रीच्या साडेसहा अंशांच्या क्षेत्रात पूर्ण मावतात आणि त्यांत कितीतरी तारे दिसतात. मोठ्या दुर्बिणीच्या चिंचोळ्या क्षेत्रात ही मजा येत नाही. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या खाली तेजोमेघाचा धुरकट ठिपका दिसतो, आणि सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका काळोख्या रात्री लांबट पुसट डागासारखी सापडते. कोपर भिंतीवर टेकवले तर गुरूचे चार मोठे चंद्रही दिसतात. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिलेले हे चंद्र एका मुलीने सलग सहा रात्री वहीत काढले, आणि त्यांच्या जागा रोज बदलतात हे तिने मी सांगण्याआधीच ओळखले. शनीची कडी मात्र दहा पटीत दिसत नाही. ज्यांनी त्यासाठीच हट्ट धरला होता त्यांची निराशा झाली, आणि ती निराशा रास्त होती.

पक्षिनिरीक्षणातला अनुभव संमिश्र आहे. खटाव तालुक्यातील मायणीच्या तलावावर आम्ही पहाटे गेलो, तेव्हा दूरच्या पाण्यात उभे असलेले चित्रबलाक आणि शेकाटे सर्वांना स्पष्ट दिसले. हळदी-कुंकू बदक हे नाव मुलांना पुस्तकातून माहीत होते. चोचीच्या टोकाची हळद आणि बुडाशी लावलेले कुंकू प्रत्यक्ष दिसल्यावर ते नाव कोणालाही पाठ करावे लागले नाही. परंतु शाळेच्या आवारातल्या पिंपळावर टुकटुक करणारा तांबट शोधायला हीच द्विनेत्री जड पडते. सुमारे नऊशे ग्रॅमचे वजन वर रोखून धरले की दोन मिनिटांत हात कापू लागतात, आणि हाताचा कंपही दहा पटच दिसतो. सहा-सात मीटरांच्या आतले काही स्पष्ट होत नसल्यामुळे फुलपाखरांचे वेड असलेल्या दोघा मुलांना तिचा काही उपयोग झाला नाही. केवळ पक्ष्यांसाठी घ्यायची असेल तर ८×४२ हे माप अधिक बरे, कारण त्यात वजन आणि कंप दोन्ही कमी होतात. मात्र त्या मापाची चांगली द्विनेत्री बहुधा महाग पडते.

खरेदी खरी वसूल झाली ती मी गृहीत न धरलेल्या छंदांत. आमच्याकडे रेल्वेच्या इंजिनांची नोंद ठेवणारा एक मुलगा आहे. पुणे-मिरज मार्गावरून जाणाऱ्या मालगाडीच्या इंजिनाचा क्रमांक आणि त्यावर लिहिलेले शेडचे, म्हणजे इंजिनाची देखभाल होते त्या आगाराचे, नाव तो रुळांपासून लांब, टेकडीवर बसून वाचतो, त्यामुळे त्याच्या आईची एक काळजी मिटली. किल्ल्यांवर भटकणारी मुले अजिंक्यताऱ्याच्या तटावरून सज्जनगडावरची बांधकामे न्याहाळतात. क्रिकेटच्या शालेय सामन्यात गोलंदाजाची बोटे चेंडूच्या शिवणीवर कशी आहेत हे पाहायलाही ती नेली गेली, आणि त्या दिवशी तिला पहिला मार बसला.

बाकावरून पडल्यामुळे दोन नळ्यांचा मेळ बिघडला आणि प्रत्येक वस्तू दोनदा दिसू लागली. अशा द्विनेत्रीतून पाहत राहिल्यास डोके दुखते. दुरुस्तीला आठशे रुपये आणि तीन आठवडे गेले. दुसरी तक्रार उजव्या डोळ्याच्या कड्याबद्दल आहे. दोन डोळ्यांच्या नंबरांतला फरक जुळवणारे हे कडे इतके सैल आहे की हातोहात फिरताना ते आपोआप हलते. शेवटी मुलींनी नेलपॉलिशचा ठिपका लावून शून्याची खूण केली. चष्मा लावणाऱ्या मुलांना रबरी कडा दुमडूनही पूर्ण क्षेत्र दिसत नाही. त्यांनी चष्मा काढून पाहावे, कारण जवळचा किंवा दूरचा नंबर मधल्या चाकानेच जुळतो. चष्मा ॲस्टिग्मॅटिझमचा, म्हणजे सिलिंडर नंबरचा, असेल, तर मात्र हा उपाय चालत नाही. सोबत आलेला पट्टा सुतळीइतका अरुंद होता आणि तो आम्ही पहिल्याच महिन्यात बदलला.

पावसाळ्यात आकाश बंद असते, आणि त्याच काळात कपाटातल्या दमट हवेने भिंगांना बुरशी धरते. त्यामुळे जूनपासून आम्ही ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवली. भिंग रुमालाने किंवा ओढणीने पुसू नये, कारण धुळीचा कण त्यावर कायमचा ओरखडा पाडतो. सूर्याकडे तर ती क्षणभरही वळवू नये. डोळ्यांची इजा तत्काळ आणि कायमची असते. हा नियम आम्ही डब्याच्या झाकणावरच लिहून चिकटवला आहे.

पर्यटनस्थळांच्या टपऱ्यांवर लालभडक भिंगांच्या आणि पन्नास-शंभर पटींचा दावा करणाऱ्या द्विनेत्री हजार-बाराशेला मिळतात, त्यांच्या वाटेला कोणी जाऊ नये. तो लाल लेप लाल प्रकाश परत फेकतो, म्हणून दृश्य हिरवट दिसते, आणि शंभर पट हातात स्थिर धरणे कोणालाही शक्य नाही. विकत घेताना द्विनेत्री हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे रोखावी आणि डोळ्याकडच्या भिंगात दिसणारी प्रकाशाची टिकली पूर्ण गोल आहे का ते पाहावे. कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर प्रिझम हलक्या प्रतीच्या काचेचे आहे, असे समजावे. नंतर दुकानाबाहेर येऊन दूरच्या विजेच्या तारेकडे पाहावे. तार एकच दिसली तरच पैसे द्यावेत. आम्ही दुसरी द्विनेत्री ८×४२ ची घेणार आहोत, आणि पिंपळावरच्या तांबटासाठी तिची मागणी आतापासूनच फळ्यावर लिहिलेली आहे.