आयटीके-स्नॅप की थ्रीडी स्लायसर? जुन्या विमानाचा सीटी लेबल करताना

ऑक्टोबर २०२४मध्ये बडोद्यात सी-२९५चा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून मकरपुऱ्यात माझ्याकडे कास्टिंगचे (ओतीव धातूच्या भागांचे) सीटी, म्हणजे एक्स-रेने आतलं दाखवणारे थ्रीडी स्कॅन शिकायला येणारी मुलं विमानांचंच विचारतात. त्यातल्या दोघांनी आता मेसरश्मिट मी १६३ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रॉकेट-विमानाचा सीटी लेबल करायला, म्हणजे त्यातला प्रत्येक भाग वेगळ्या रंगाने रंगवायला घेतलाय. 'दादा, स्नॅप घेऊ की स्लायसर?' हा त्यांचा प्रश्न. आयटीके-स्नॅप आणि थ्रीडी स्लायसर ही अशा रंगकामाची दोन सॉफ्टवेअर. मी दोन्हींवर बराच काळ काम केलंय.

म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमचं हे विमान फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संस्थेने फ्युर्टला ९ एमईव्हीच्या लिनिअर ॲक्सिलरेटरने, म्हणजे फार ताकदीच्या एक्स-रे यंत्राने स्कॅन केलं. त्यातला दर बाजूला ५१२ व्हॉक्सेल (थ्रीडी चित्राचे बारीक ठिपके) असलेला घनाकार तुकडा १६ बिटमध्ये सुमारे २६८ एमबी होतो. साध्या लॅपटॉपवर एवढं काम करायचं तर आयटीके-स्नॅप मला हलकं वाटतं. एका जागी क्लिक केलं की तिन्ही छेद तिथे येतात. चार-पाच छेद सोडून रंगवत गेलात तर मधले इंटरपोलेशनने, म्हणजे दोन्हीकडच्या रंगावरून अंदाजाने भरतात. जाडजूड फिटिंग, कंस, नळ्या यांसाठी मी आजही तेच उघडतो.

अडतं ते पत्र्यापाशी. धडाचा पत्रा वळत जातो, स्कॅनच्या अक्षांना समांतर क्वचितच असतो. स्नॅपमध्ये छेद मात्र त्या अक्षांनाच बांधलेले. त्यामुळे दोन-तीन व्हॉक्सेलचा पत्रा तिरका कापला जाऊन रुंद, धूसर पट्टा दिसतो. त्याला खालून स्ट्रिंगर (पत्र्याला आधार देणारी लांब पट्टी) रिव्हेटने आवळलेला असेल तर दोघांमध्ये काळी रेघसुद्धा उरत नाही, आणि थ्रेशोल्डला (ठरावीक उजळपणाच्या वरचं सगळं एकत्र निवडणाऱ्या साधनाला) तो एकच धातू वाटतो. अशाच एका रिव्हेटच्या रांगेपाशी मी चाळीसेक छेद स्ट्रिंगरचा रंग पत्र्यावर चढवत नेला. तिसऱ्या खिडकीत रंगाच्या पायऱ्या दिसल्या तेव्हा लक्षात आलं. रविवारची अख्खी दुपार ते पुसण्यात गेली. मनाला फार लागलं, कारण त्या दोन भागांची सीमा दाखवणं हेच तर काम होतं.

स्लायसरमध्ये छेदाचं प्रतल हवं तसं फिरवता येतं. ते पत्र्याला काटकोनात आणलं की तोच पट्टा बारीक, रेखीव रेघ होतो. रिव्हेटचं वरचं डोकं, दांडा आणि खालचं चेपलेलं टोक वेगळं ओळखू येतं, पत्र्याची कड कुठे संपते तेही दिसतं. त्याच तिरक्या छेदावर रंगवता येतं. ब्रशला ग्रे व्हॅल्यूची (व्हॉक्सेलच्या उजळपणाची) मर्यादा घातली की रंग हवेत सांडत नाही.

स्लायसरचा जाच नाही असं नाही. बटणं खूप आहेत. 'ग्रो फ्रॉम सीड्स'मध्ये प्रत्येक भागावर थोडा रंग, म्हणजे बीज, टाकलं की बाकीचं तेच भरतं; पण तिथे रिव्हेटलाही स्वतःचं बीज द्यावं लागतं, नाहीतर त्याच्यातून एका पत्र्याचा रंग दुसऱ्यात झिरपतो. भाग वाढत गेले की दर बदलाला थांबावंही लागतं. शिवाय शेजारच्या सेगमेंटवर (आधी रंगवलेल्या भागावर) रंग चढू द्यायचा की नाही, ते सेटिंग आधी बघून घ्यावं.

तुमच्या तुकड्यात ठोकळ भागच जास्त असतील तर स्नॅप पुरेल, असं मला वाटतं. लेबलमॅप (रंगवलेल्या भागांची फाइल) एनआरआरडी या फॉरमॅटमध्ये काढला की पुढे स्लायसरमध्येही नेता येतो. पण धडाचा पत्रा असेल तर मी तरी थेट स्लायसरच उघडेन. पहिल्या दिवशी एकच रिव्हेटची रांग घ्या, प्रतल पत्र्याला काटकोनात बसवा आणि दोन्ही पत्र्यांच्या कडा सापडेपर्यंत ब्रश हातात घेऊ नका.