तोतरं वेगळं, बोबडं वेगळं, हे इथे येऊन कळलं

मुलाच्या स्पीच थेरपीसाठी आम्ही एरंडोलहून जळगावला या क्लिनिकमध्ये सहा महिने झाले येतोय, म्हणून लिहिते. मुलगा ११ वर्षांचा. त्याला घरात कोणी तोतरा म्हणायचं कोणी बोबडा, शाळेतली पोरं त त प प करून चिडवायची, शेजारच्या काकू म्हणायच्या जीभ जड आहे, वेखंड उगाळून लावा. तेही लावलं. एका ठिकाणी तर जिभेखालची शीर कापू, गॅरंटी देतो म्हणाले, बरं झालं ह्यांनी ऐकलं नाही.

पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, तुम्ही घरी त्याच्या बोलण्याला काय म्हणता? मी म्हटलं बोबडं बोलतो. मग त्यांनी त्यालाच अर्धा तास बोलतं केलं, क्रिकेट, शाळा, आजीकडचं काय काय, आणि नंतर मला नीट सांगितलं. बोबडं म्हणजे अक्षरच बदलतं, गाडीची दादी होते, रामाचा लाम होतो. गेंगाणं म्हणजे आवाज नाकातून येतो, टाळू फाटलेली असली की तसं होतं. बाहेर बाकावर एक आजोबा बसले होते, पॅरालिसिसनंतर त्यांचं बोलणं लडबडायचं, ते अजून वेगळं. ह्याचं प्रत्येक अक्षर स्वच्छ आहे, फक्त निघताना अडकतं, प प प होतं नाहीतर ओठ गच्च मिटतात आणि आवाजच फुटत नाही, हे तोतरेपण. आणि चाचरणं म्हणाल तर उत्तर येत नसलं की कोणीही चाचरतो, ह्याला तर उत्तर येतंय. हे ऐकलं आणि मला तिथेच रडू आलं, कारण वर्गात अभ्यास केला नाही म्हणून त्याला किती वेळा उभं केलं असेल.

एक गोष्ट सांगते. मागच्या दिवाळीत तो पहिल्यांदा एकटा एसटीने मामाकडे पारोळ्याला गेला. नंतर पँट धुवायला काढली तर खिशात पारोळ्याच्या पुढच्या धुळ्याचं हाफ तिकीट. मला वाटलं कंडक्टरने चुकून दिलं. इथे मॅडमनी हळूच विचारल्यावर तो बोलला, पारोळा म्हणताना प अडकतो, मागे माणसं उभी असतात, धुळे पटकन निघतं, म्हणून धुळ्याचं काढलं आणि पारोळ्याला उतरलो. मॅडम म्हणाल्या तोतरं बोलणारे असे शब्द बदलतात, म्हणून कितीतरी जणांचं घरच्यांना कळतही नाही.

त्याचा मामाही लहानपणी असाच अडायचा, तेही त्यांनी विचारून घेतलं, कारण हे घराण्यात चालत येतं, आईबापाच्या रागावण्याने किंवा घाबरण्याने लागत नाही. साधारण २ ते ५ वर्षांच्या वयात सुरू होतं, १०० मुलांमधे ५ एक जणांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं, मोठेपणी १०० मधे एखाद्याचं राहतं. ह्याचं पूर्ण जाईल असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, मला तोच प्रामाणिकपणा आवडला.

शिकवतात काय तर पहिलं अक्षर ओढून, ओठ सैल ठेवून हळू सुरू करायचं, आणि अडकलं तर लपवायचं नाही. खरा धडा आम्हालाच होता. हळू बोल, श्वास घे, असं म्हणायचं नाही, त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही, त्याच्याकडे बघत थांबायचं. सासूबाईंना हे फार जड गेलं, त्या मायेनेच शब्द पुरवायच्या. सासूबाईंशी तो अहिराणीत बोलतो आणि तिथे कमी अडकतो हे मॅडमच्या लक्षात आलं, तेव्हापासून सुरुवातीची दहा मिनिटं त्या त्याला काय म्हनस भाऊ असं विचारून अहिराणीतच गप्पा मारतात. आरती तर तो खाडखाड म्हणतो, गाताना बहुतेकांचं अडकत नाही म्हणे.

फी एका वेळेचे ४०० रुपये, त्याशिवाय दोघांचं जायचं यायचं भाडं, आम्हाला जड जातं पण वाया गेलं असं वाटत नाही. शनिवारी गर्दी फार, दोन दोन तास बसावं लागतं, बुधवारी या. आता तो रोज नाही पण चार दिवसांतून एकदा वर्गात हात वर करतो, अडकतो तरी बोलतो.

एक स्टार कापलाय तो काउंटरसाठी. तिथला मुलगा प्रत्येक पोराला मोठ्याने विचारतो, नाव काय तुझं, जोरात सांग. अहो, स्वतःचं नाव बदलून दुसरा शब्द घेता येत नाही, ह्या मुलांना तोच सगळ्यात अवघड शब्द असतो, आणि नेमका तोच भरल्या हॉलमधे विचारता. आमचा पोरगा पहिल्या दिवशी तिथूनच परत फिरला होता, जिन्यापर्यंत गेलेला, मी धरून आणला. कागद पेन ठेवा ना काउंटरवर, नाव लिहून देतील.