निवाऱ्यासाठी दार कोणाचं ठोठावायचं: केंद्र, राज्य की महापालिका?

नागपुरात बेघरांसाठी काम सुरू करणाऱ्या संस्थेपुढे तीन वाटा असतात: भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनाची केंद्राची ‘स्माइल’ योजना, राज्याचा भिक्षा प्रतिबंधक कायदा आणि त्याखालची भिक्षेकरी गृहं, किंवा महापालिकेचा बेघर निवारा. राज्यघटनेच्या याद्यांत ‘बेघर’ असा विषयच नाही. केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीतल्या समवर्ती सूचीत भटकेपणा आहे, पालिकांच्या कामांच्या बाराव्या अनुसूचीत नागरी दारिद्र्य निर्मूलन आहे. त्यामुळे फुटपाथवर झोपणाऱ्या एकाच माणसाला तीन कागदांवर तीन नावं मिळतात. आम्ही निवड केली ती याच एका गोष्टीवरून.

पैशाच्या बाबतीत ‘स्माइल’ सोपी. निधी केंद्राचा, पहिल्या दहा शहरांत नागपूर होतं, आणि पाहणीपासून पुनर्वसनापर्यंतचा क्रम ठरलेला. पण लाभार्थी भीक मागणारा हवा. कॉटन मार्केटात दिवसभर पोती उचलून रात्री दुकानाच्या ओट्यावर झोपणारा हमाल भीक मागत नाही. त्याला आत घ्यायचं तर कागदावर भिकारी लिहायचं, नाहीतर ओट्यावरच सोडून द्यायचं. दोन्ही मनाला पटत नाही.

राज्याचा १९५९ चा कायदा तर आणखी पुढे जातो. पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि माणूस भिकेवर जगत असावा अशा अवस्थेत सार्वजनिक जागी वावरतो, एवढंही त्याला पुरतं. पहिल्यांदा दोषी ठरला तरी एक ते तीन वर्षं गृहात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातली मुख्य कलमं रद्द केली, पण दिल्लीपुरती.

महापालिकेच्या वाटेवर खड्डे पुष्कळ आहेत. पालिकेचे निवारे ज्यातून चालत, त्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष लाख वस्तीमागे शंभर जणांची सोय असा होता. २०११ च्या जनगणनेत नागपूर चोवीस लाखांचं, म्हणजे चोवीसशे जणांची सोय हवी. माणशी ५० चौरस फूट धरले तर पन्नास जणांना २,५०० चौरस फूट, शिवाय तीन पाळ्यांना तीन काळजीवाहक. पैसा केंद्र आणि राज्य ६०:४० देत आणि मग तो पालिकेमार्फत येई. मधला एक हप्ता अडकला की आधी पगार थांबे, मग वीजबिल. अभियानाची मुदत २०२४ मध्ये संपली. म्हणून करारावर सही करण्याआधी खर्च पालिकेच्या अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून (खात्यातून) पडणार हे लेखी घ्या, आणि निदान तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा.

जागेचंही तसंच. स्टेशनचा परिसर रेल्वेचा, बरेचसे मोकळे भूखंड नासुप्रचे, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचे. पालिकेकडून मिळते ती बहुधा बंद पडलेली शाळा. तिथे न्हाणीघर नसतं, नळ लहान मुलांच्या उंचीचे असतात. पलंगांआधी हा खर्च मांडा. कामाच्या ठिकाणापासून पायी वीस मिनिटांहून लांब असेल तर हमाल येत नाहीत, असं दिसतं. आणि ‘रात्र निवारा’ या नावावर जाऊ नका. अभियानाचा निकष चोवीस तासांचा होता, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की सावली दुपारीच हवी असते.

एवढं असूनही कल पालिकेकडेच, कारण निवाऱ्याच्या रजिस्टरात नाव, गाव, काम एवढंच लिहून भागतं. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण दिसला तर मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० नुसार जबाबदारी पोलीस ठाण्याची. तिथे तोंडी सांगू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या.